अँडी ग्रोव्ह : बुडापेस्ट ते सिलिकॉन व्हॅली

संगणकावरील 'इंटेल इनसाइड' हे शब्द ज्यांच्या कारकिर्दीत जगभर पोहोचले, ते अँडी ग्रोव्ह जन्माने हंगेरियन. मूळ नाव आंद्राश ग्रोफ. बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात २ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दुग्धव्यवसायात भागीदार होते. चौथ्या वर्षी झालेल्या स्कार्लेट फीव्हरने त्यांची श्रवणशक्ती बरीचशी हिरावून घेतली. १९४२ मध्ये वडिलांना सक्तीच्या मजूर तुकडीत भरती करून रशियन आघाडीवर धाडण्यात आले. १९४४ साली जर्मन फौजा शहरात शिरल्या, तेव्हा आईने खोट्या नावाने मुलासह लपून दिवस काढले. युद्धानंतर वडील परतले ते इतके खंगून, की मुलाला ते ओळखूही आले नाहीत.

१९५६ चा हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला आणि तरुणांची धरपकड सुरू झाली. 'तू निघून जा', असे आंद्राशला निक्षून सांगितले ते आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या त्याच्या मावशीने. एकुलता एक मुलगा परत दिसेल याची कोणतीही खात्री नसताना आईवडिलांनी त्याला जाऊ दिले. रात्रीच्या अंधारात पायी सीमा ओलांडून तो ऑस्ट्रियात पोहोचला आणि जानेवारी १९५७ मध्ये न्यूयॉर्कला उतरला.

तेथील सिटी कॉलेजात शिक्षण विनाशुल्क होते. रसायन अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९६० मध्ये, तर बर्कलेची डॉक्टरेट १९६३ मध्ये मिळवली. सुटीत एका हॉटेलात टेबले आवरण्याचे काम करताना इव्हा या तरुणीशी ओळख झाली. तीही व्हिएन्नाहून परागंदा झालेल्या घरातली. १९५८ मध्ये त्यांचा विवाह झाला. यथावकाश आईवडिलांनाही त्यांनी अमेरिकेत आणले.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटेलमध्ये ते पहिल्या दिवसापासून होते. जपानी स्पर्धेपुढे मेमरी चिपचा धंदा बुडू लागताच, १९८५ मध्ये तो सोडून मायक्रोप्रोसेसरवर सर्वस्व पणाला लावण्याचा निर्णय त्यांनी गॉर्डन मूर यांच्यासह घेतला. १९८७ ते १९९८ या काळात ते मुख्य कार्यकारी अधिकारी होते. १९९७ मध्ये 'टाइम'ने त्यांना वर्षातील मानकरी ठरवले. हाताखालच्यांना त्यांचा धाक वाटे, आणि तो अकारण नव्हता.

घराबाबत मात्र हा माणूस कमालीचा जपणारा. दोन्ही मुलींना त्यांनी प्रसिद्धीच्या झोतापासून कटाक्षाने दूर ठेवले. प्रोस्टेटचा कर्करोग झाल्यावर वैद्यकीय शोधनिबंध स्वतः वाचून त्यांनी उपचार निवडले. पुढे पार्किन्सन्सनेही गाठले. आजोबा झाल्यावर, नातवंडांना आपले बालपण कळावे म्हणून ते लिहू लागले. 'स्विमिंग अक्रॉस' हे आत्मकथन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये सिटी कॉलेजला त्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर दिले. हंगेरीत मात्र ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

२१ मार्च २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. इव्हा यांच्यासोबतच्या संसाराचे ते ५८ वे वर्ष होते.