ओ. यू. 001 : मुसीपलीकडील एका जीवाणूचा प्रवास

मलकपेठच्या श्रोत्यांना मुसारामबाग हे नाव रोजचे आहे. निजामाच्या पदरी असलेल्या व 1798 मध्ये निवर्तलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या नावाचे ते लोकमुखी घडलेले रूप मानले जाते. तेथून मुसी ओलांडून अंबरपेठमार्गे उस्मानिया विद्यापीठाकडे जावे, तर परमुलखात रुजलेले दुसरे एक नाव भेटते. ते मात्र येथून बाहेर गेले. ‘ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस ओ. यू. 001’ असे ते नाव, त्यातील ‘ओ. यू.’ ही अक्षरे उस्मानिया युनिव्हर्सिटीची. हा एक जांभळा जीवाणू असून प्रकाशात तो हायड्रोजन निर्माण करतो.

कथेचा आरंभ हैदराबादेतील नव्हे. वनस्पती पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडतात. जांभळ्या जीवाणूंचे प्रकाशसंश्लेषण तसे नसते, हे फान नील यांनी 1931 च्या सुमारास स्पष्ट केले. पुढे 1949 मध्ये अमेरिकेत हॉवर्ड गेस्ट व मार्टिन केमेन यांना या वर्गातील एका जीवाणूपासून हायड्रोजन निघताना आढळला. पोषणद्रवात अमोनियम क्षाराऐवजी ग्लुटामेट होते, एवढेच निमित्त! कारण मोठे मार्मिक आहे. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर अमोनिया मिळाला की स्वस्थ बसते. अमोनियाही नाही आणि नत्रवायूही नाही, अशा अवस्थेत मात्र ते प्रोटॉनांनाच इलेक्ट्रॉन देऊन हायड्रोजन घडविते, आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचे चार रेणू खर्ची पडतात. हायड्रोजन हे त्या जीवाचे उद्दिष्ट नव्हेच. भुकेल्या यंत्रणेची ती नाइलाजाची कृती आहे. औद्योगिक गणित पुढे जेथे अडते, त्याचे मूळ माझ्या मते येथेच आहे.

उस्मानियातील के. शशिकला, रमणा व पी. रघुवीर राव यांनी 1991 मध्ये ओ. यू. 001 ची वाढ आणि हायड्रोजननिर्मिती यांना अनुकूल परिस्थितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मॅलिक आम्लाच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे सहा रेणू मिळावेत, असे समीकरण सांगते. प्रत्यक्षात हाती त्याहून कमी येतात.

यानंतर या वाणाचा सर्वाधिक पाठपुरावा झाला तो तुर्कस्तानात. अंकारा येथील मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीत इन्जी एरोलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. ऑलिव्हचे तेल काढल्यावर उरणारे काळपट सांडपाणी ही तिकडची मोठी डोकेदुखी. 2004 मध्ये त्यांनी तेच पाणी या जीवाणूला अन्न म्हणून दिले. ते पुष्कळ पातळ करावे लागले, कारण गडद रंगातून प्रकाश आत शिरत नाही. हायड्रोजनबरोबर कॅरोटिनॉइडे आणि प्लॅस्टिकसारखे गुणधर्म असलेले पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटही मिळाले. आपल्याकडील साखर कारखान्यांच्या मळीकडे पाहताना या प्रयोगाची आठवण व्हावी.

खते, तेलशुद्धी, वनस्पती तूप या सर्वांना हायड्रोजन लागतो. तो आजही मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून येतो. नैसर्गिक वायूपासूनच्या एका किलोमागे सुमारे 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जानेवारी 2023 मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हे त्याचे लक्ष्य असून मुख्य भिस्त पाण्याच्या विद्युत्-विघटनावर आहे. जीवाणूंच्या वाट्याला संशोधनाचा कोपरा आला, आणि सूर्यप्रकाशाचा किती थोडा अंश ते हायड्रोजनमध्ये उतरवितात हे पाहता त्यात अन्याय म्हणता येणार नाही. मात्र त्या कोपऱ्यात अंकाऱ्यापर्यंत आपल्या शेजारचा वाण वापरला गेला, हे येथे फारसे कोणाला ठाऊक नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील सूक्ष्मजीव-संग्रहात तो डीएसएम 5864 या क्रमांकाने जतन केलेला आहे.