हिंडलग्याचा फास आणि काईनची खूण

आपण गोवेकर बेळगावला जातो ते बहुधा बाजारासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर कुंद्यासाठी. आंबोलीच्या बाजूने वेंगुर्ले रस्त्याने गेलात तर शहर लागण्याआधी हिंडलगा लागते. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे नाव तिथल्या मध्यवर्ती तुरुंगामुळे पाठ आहे. सीमाप्रश्नाचे कितीतरी सत्याग्रही तिथे राहून आले. पण याच तुरुंगात फाशीचे तख्तही आहे. १९८३ नंतर त्याचा वापर झालेला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये मात्र ती वेळ अगदी दारात येऊन ठेपली होती.

प्रकरण वीरप्पनच्या साथीदारांचे. ९ एप्रिल १९९३ रोजी कर्नाटक-तामिळनाडू सीमेवर पालार येथे सुरुंग स्फोट होऊन २२ माणसे ठार झाली. तो दिवस गुड फ्रायडे होता. या खटल्यात म्हैसूरच्या टाडा न्यायालयाने २००१ मध्ये सायमन, ज्ञानप्रकाश, बिलवेंद्रन आणि मीसेकार मादय्या या चौघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये ती आपणहून वाढवून फाशी केली. दयेचा अर्ज नऊ वर्षे पडून राहिला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रपतींनी तो फेटाळला. चौघेही तेव्हा हिंडलग्यात होते. पहिली तीन नावे वाचली की ख्रिस्ती घरांतली म्हणून लगेच ओळखू येतात.

'मनुष्यजीवन पवित्र आहे' हे वाक्य चर्चमध्ये आपल्या कानांवर नेहमी पडते. बहुतेक वेळा ते गर्भातल्या जिवाबद्दल किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याबद्दल असते. निष्पाप जिवाबद्दल ते मान्य करायला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी परीक्षा होते ती ज्याचे हात रक्ताने माखले आहेत त्याच्याबाबतीत. त्याचेही जीवन पवित्र का?

बायबलमध्ये हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच येतो. काईनने सख्ख्या भावाला मारले. देवाने त्याला शिक्षा दिली, देशोधडीला लावले. पण त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत एका धर्मगुरूची हत्या झाली, तेव्हा संत ऑगस्टीनने मार्सेलिनस या अधिकाऱ्याला पत्रे लिहून मारेकऱ्यांचा जीव घेऊ नका, अशी विनवणी केली. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने मात्र सडलेला अवयव कापून टाकावा तसा समाजाला घातक माणूस दूर करणे योग्य ठरवले. पुढची कित्येक शतके चर्चने हाच विचार धरून ठेवला.

त्याचे चटके गोव्याने सोसले आहेत. १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन इथे होते. दोषी ठरलेल्याला चर्च स्वतः जाळत नसे. त्याला सरकारच्या स्वाधीन करी आणि जाळण्याचे काम सरकार करी! आपले हात कोरडे राखण्याची ही सोय विसरण्यासारखी नाही. १७८७ च्या पिंटोंच्या बंडानंतर पंधरा जणांना पणजीत फासावर चढवले, तेही कॅथलिकच होते.

आणि तरीही याच पोर्तुगालने १८६७ मध्ये, लष्करी गुन्हे वगळता, फाशीची शिक्षा कायद्यातून काढून टाकली. १८७० मध्ये हा कायदा वसाहतींनाही लागू झाला. म्हणजे नव्वदएक वर्षे घाटाखालच्या गोव्यात कायद्याने फाशी नव्हती आणि घाटावर, बेळगावात, ती होती. याचा अर्थ पोर्तुगीज राज्य दयाळू होते असा मुळीच नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडताना त्याने कोणता कायदा पाहिला? कागदावरची दया आणि सरकारची बंदूक एकाच घरात नांदू शकतात. मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता आली आणि तिच्याबरोबर आपल्या कायद्यात फाशीही परत आली.

चर्चला पुन्हा काईनच्या खुणेपर्यंत यायला फार वेळ लागला. खुद्द व्हॅटिकनच्या कायद्यात १९२९ पासून १९६९ पर्यंत मृत्युदंड होता. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एव्हांगेलियुम व्हिते' या पत्रात अशा शिक्षेची गरज जवळजवळ उरलेलीच नाही असे मांडले. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथच, बदलून मृत्युदंड सर्वथा अग्राह्य ठरवला. कारण दिले ते असे की अतिशय गंभीर गुन्हा केला तरी माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही.

पालारला गेलेल्या बावीस जणांच्या घरच्यांना हे ऐकवायचे कसे? त्यांचा प्रश्न रास्तच आहे. ते बावीस जीव पवित्र होते, म्हणूनच तो गुन्हा इतका घोर ठरतो. चर्चही गुन्हेगाराला मोकळे सोडा म्हणत नाही. काईनलाही शिक्षा झालीच होती. पण जीव घेणे हे पाप असेल तर ते सरकारी शिक्का मारल्याने पुण्य होत नाही, एवढेच हे सांगणे आहे.

हिंडलग्यातल्या चौघांना शेवटी वाचवले ते धर्माने नव्हे, राज्यघटनेने. दयेच्या अर्जाला झालेला अवाजवी विलंब हे मुख्य कारण धरून सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१४ रोजी त्यांच्यासह पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. आधार होता अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. फाशी झालेला माणूससुद्धा त्या हक्काला मुकत नाही, असे न्यायाधीश म्हणाले. व्हॅटिकनने आपला ग्रंथ बदलला तो त्यानंतर साडेचार वर्षांनी.

चौघांतला एक २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आला, तेव्हा त्याच्या कैदेला २९ वर्षे झाली होती. भारताच्या कायद्यात फाशी आजही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती राहिली. रविवारी मिस्साला बसून जीवन पवित्र आहे म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जण, टीव्हीवर एखाद्या नराधमाची बातमी लागली की, 'लटकवा त्याला' असे म्हणत नाहीत?