सिल्फियमचा कागदोपत्री माग

इ.स. ७७ च्या सुमारास थोरल्या प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या एकोणिसाव्या खंडात एक नोंद करून ठेवली. सायरीनीच्या प्रदेशात आपल्या आठवणीच्या काळात सिल्फियमचा एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोकडे पाठवला गेला, असे तो लिहितो. नीरोची राजवट ५४ ते ६८. घटना आणि नोंद यांच्यात फार तर तेवीसेक वर्षांचे अंतर आहे, म्हणून हा पुरावा ऐकीव असला तरी समकालीन मानावा लागतो. एखादी वनस्पती माणसाच्या डोळ्यांदेखत संपल्याची ही बहुधा पहिली लेखी नोंद. सायरीनी म्हणजे आजच्या लिबियातील शहात गावाजवळचे, जबल अखदरच्या हिरव्या डोंगराळ पट्ट्यातले ग्रीक नगर.

त्याच उताऱ्यात आणखी दोन आकडे आहेत. इ.स.पू. ९३ मध्ये सिल्फियमचा वाळलेला चीक सरकारी माल म्हणून रोमला आला, तो ३० रोमन पौंड. इ.स.पू. ४९ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी सीझरने सरकारी खजिन्यातून सोन्याचांदीबरोबर या चिकाचे १,५०० पौंड बाहेर काढले. आजच्या मापात हे सुमारे ४९० किलो होतात. हा चीक चांदीच्या दिनारांच्या भारोभार विकला जाई, हेही प्लिनीच सांगतो. ३० पौंड, १,५०० पौंड आणि मग एक देठ, अशी रांग लावून ऱ्हासाचा आलेख काढण्याचा मोह होतो, पण तो टाळायला हवा. पहिला आकडा एका खेपेचा आहे, दुसरा अनेक वर्षांच्या साठ्याचा, आणि तिसरा कुतूहलाची वस्तू म्हणून पाठवलेल्या नजराण्याचा. एवढेच म्हणता येते, की सीझरच्या काळी रोमन राज्य हा चीक सोन्याशेजारी ठेवत होते आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच राज्याच्या प्रमुखाला त्याचा एक देठ नवलाईने दाखवावा लागला.

ही वनस्पती होती तरी कशी? सर्वांत काळजीपूर्वक केलेले वर्णन इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टसने लिहिले. जाड मूळ, पोकळ देठवाल्या रानबडीशेपेसारख्या उंच वनस्पतीशी जुळणारे खोड, अजमोद्यासारखी पाने, आणि पानासारखे चपटे, रुंद बी. सायरीनीच्या नाण्यांवर हेच रूप इ.स.पू. सहाव्या शतकापासून कोरलेले दिसते. खोडावर उभ्या शिरा आहेत, पानांचे देठ खोडाला म्यानासारखे वेढतात, आणि टोकाला व बाजूंना गोलसर गुच्छ आहेत. एकाच बिंदूतून फुटलेल्या दांड्यांवर फुले छत्रीसारखी पसरतात तो चामरकल्प फुलोरा हाच. गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप आणि हिंग ज्या चामर कुलात मोडतात त्याच कुलातले हे झाड, याबद्दल आज वाद उरलेला नाही. वर्णन आणि नाणी हे दोन स्वतंत्र पुरावे इथे एकमेकांना भेटतात. कुलाच्या पुढे जाऊन नेमकी जाती ठरवायची झाली, तर मात्र दोन्ही अपुरे पडतात.

थिओफ्रास्टसच्या याच प्रकरणात एक तपशील आहे, जो मला नीरोच्या देठापेक्षाही मोलाचा वाटतो. सिल्फियमचे मूळ कुणीही कसेही कापू शकत नसे. खाणींना जसे नियम असतात तसे या कापणीला होते, असे तो सांगतो. आधी किती कापले आणि आता शिल्लक किती आहे, ते पाहून प्रमाण ठरे. ठरल्यापेक्षा जास्त कापायला आणि चुकीच्या पद्धतीने कापायला मनाई होती. मिळालेला चीक पिठात मिसळून, भांड्यांत भरून अथेन्सच्या पिरेयस बंदरात जाई, म्हणजे वाटेत कुजत नसे. तो पुढे लिहितो, की हे झाड नांगरलेल्या जमिनीपासून दूर पळते. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात तर आयोनिया आणि पेलोपोनीजमध्ये ते लावण्याचे प्रयत्न फसल्याचे आले आहे. लागवड होत नाही म्हणून रानातला साठाच भांडवल, आणि म्हणून कापणीवर बंधन. सायरीनीच्या लोकांना हे गणित नीट कळले होते.

आणखी एक वाक्य, जे पुढे घातक ठरले. वसंतात फुटलेली सिल्फियमची पाने मेंढ्यांना खाऊ घातली की त्या पुष्ट होतात आणि त्यांचे मांस विलक्षण चवदार होते, असे थिओफ्रास्टस नोंदवतो. अलेक्झांडरच्या हिंदुकुश ओलांडण्याच्या वर्णनात, म्हणजे इ.स.पू. ३२९ च्या घटनांत, एरियन याच्याशी जुळणारी गोष्ट सांगतो. तिथल्या डोंगरांवर सिल्फियम उगवते, मेंढ्या दुरूनच वासाने ते हुडकतात, फुले खातात आणि मूळही उकरतात. म्हणूनच सायरीनीत कळप त्या जागांपासून लांब हाकलले जातात आणि काही ठिकाणी कुंपणही घालतात. एरियनने हे इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात लिहिले, पण माहिती अलेक्झांडरबरोबर गेलेल्या ॲरिस्टोब्युलसची आहे. थिओफ्रास्टसचे नियम आणि एरियनचे कुंपण एकत्र ठेवले की एक चालती व्यवस्था दिसू लागते. एकीकडे मोजून कापणी, दुसरीकडे चराईबंदी.

ही व्यवस्था मोडली कशी, याचे धागे वनस्पतीशास्त्रात नाहीत, जमिनीच्या मालकीत आहेत. इ.स.पू. ९६ मध्ये सायरीनीचा राजा टॉलेमी एपियन निपुत्रिक वारला आणि त्याने आपले राज्य मृत्युपत्राने रोमला दिले. त्याच्या खासगी जमिनी रोमन जनतेच्या झाल्या. सरकारी मालाची ३० पौंडांची खेप यानंतर तिसऱ्या वर्षी रोमला पोहोचते, हा योगायोग वाटत नाही. इ.स.पू. ७४ मध्ये प्रांत स्थापन झाला. त्या सरकारी जमिनींवर पुढे काय झाले, ते टॅसिटसच्या एका परिच्छेदातून कळते. क्लॉडियसने एसिलियस स्ट्रेबो नावाच्या अधिकाऱ्याला या जमिनींचा निवाडा करायला पाठवले होते, कारण शेजारच्या जमीनदारांनी त्या बळकावल्या होत्या. ५९ साली सायरीनीच्या लोकांनी त्याच्यावर खटला भरला. नीरोने निर्णय स्ट्रेबोच्या बाजूने दिला, पण जमिनी मात्र कब्जेदारांकडेच राहू दिल्या. वेस्पेशियनच्या काळात, ७१ मध्ये, त्या पुन्हा रोमन जनतेच्या नावे केल्याचे सांगणारे हद्दीचे दगड याच प्रदेशात सापडले आहेत. दोन-तीन पिढ्यांत त्या माळांवर हक्क नेमका कुणाचा, हेच ठरत नव्हते. अशा जमिनीवर शिल्लक मोजून मूळ कापण्याचा नियम कोण पाळणार आणि कोण पाळायला लावणार?

संपण्याचे कारण सांगणारे तीन साक्षीदार आहेत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. भूगोलकार स्ट्रेबो इसवीसनाच्या आरंभी लिहितो, की भटक्या टोळ्यांनी कसल्याशा वैरातून हल्ला करून मुळे उद्ध्वस्त केली. प्लिनी बोट दाखवतो ते कुरणांच्या मक्तेदारांकडे. मेंढ्या चारण्यात जास्त नफा दिसला म्हणून त्यांनी झाड चारून संपवले. तिसऱ्या शतकातला सोलायनस टोळ्यांचा उल्लेख करतोच, आणि नंतर करांचा बोजा असह्य झाल्याने सायरीनीकरांनी स्वतःच झाड जवळजवळ नष्ट केले, अशी भर घालतो. माझा कौल प्लिनीकडे जातो. त्याचे कारण सर्वांत साधे आहे आणि इतर कागदांशी त्याचा मेळ बसतो. मेंढ्यांची ओढ थिओफ्रास्टस आणि एरियन यांनी आधीच नोंदवली होती, आणि सरकारी जमीन मक्त्याने चराईला देण्याची रोमन पद्धत सर्वज्ञात आहे. शिवाय हिंगासारख्या या कुलातल्या अनेक जाती वर्षानुवर्षे मुळात साठा करतात, एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. सिल्फियमही तसेच असेल तर फुलण्याआधी कोंब चारले जाण्याची काही वर्षे सलग आली की नवे बी पडतच नाही. स्ट्रेबो आणि सोलायनस यांना खोटे ठरवण्याची गरज नाही. टोळ्यांचे हल्ले झाले असतील, कराचा जाचही असेल. पण अशा एकेका आघातातून सावरू देणारी जुनी शिस्त तोवर नाहीशी झाली होती.

माल संपला तरी मागणी संपली नाही. प्लिनीच सांगतो, की पुष्कळ काळापासून पर्शिया, मीडिया आणि आर्मेनियाचाच चीक येतो. तो मुबलक, पण सायरीनीच्या तुलनेत हलका, आणि त्यात डिंक व दळलेल्या बाकल्याच्या दाण्यांची भेसळ. हा पूर्वेकडचा चीक म्हणजे आपला हिंग किंवा त्याचे अगदी जवळचे भावंड. एपिसियसच्या नावावरच्या रोमन पाकग्रंथात सायरीनीचा किंवा पार्थियाचा, कुठलाही चीक चालेल असे सांगितले आहे. काटकसरीची युक्तीही आहे. काचेच्या बरणीत एक औंस चिकाबरोबर चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया ठेवायच्या, पदार्थात वास मुरलेल्या बियाच वापरायच्या आणि जितक्या काढल्या तितक्या नव्या टाकायच्या. महाग वस्तू पुरवून पुरवून वापरणाऱ्या स्वयंपाकघरातूनच अशी कृती जन्मते.

हिंगाचा पुढचा एक कागद गोव्यातला आहे. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेल्या गार्सिया द ऑर्टाच्या संवादग्रंथात हिंगाची चर्चा आहे. हिंदुस्थानात औषधात आणि जेवणात सर्वत्र सर्वाधिक खपणारी चीज हीच, असे तो लिहितो. विजयनगरच्या राजाने पोटात वायू धरणारा घोडा घेतला नाही, तेव्हा पोर्तुगीज मालकाने त्याला पिठात हिंग घालून बरे केले. राजाने मग तो घेतला आणि हिंगाला देवांचे अन्न म्हटले, अशी गोष्टही त्याने दिली आहे. ज्या चिकाला रोमने दुय्यम पर्याय मानले, त्याची इथे अशी प्रतिष्ठा होती. हा हिंग मात्र इराण-अफगाणिस्तानातूनच येत राहिला. भारताच्या भूमीवर लागवडीसाठी हिंगाचे रोप प्रथम लावले गेले ते १५ ऑक्टोबर २०२० ला, हिमाचलमधील लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी, पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेकडून.

प्लिनीच्या निकालावर एक आक्षेप कागदपत्रांतच आहे. इ.स. ४०० च्या आसपास सायरीनीचाच सुपुत्र, पुढे टॉलेमाइसचा बिशप झालेला सायनेसियस, भावाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या बागेतल्या सिल्फियमचा उल्लेख करतो. दुसऱ्या एका पत्रात कॉन्स्टँटिनोपलला भेट म्हणून धाडलेल्या वस्तूंत सिल्फियमचा रस आहे. हा माणूस आपल्या नगराच्या ग्रीक वैभवाचा अभिमानी होता, त्यामुळे जुने नाव नव्या झाडाला चिकटवले गेले असणे शक्य आहे. पण खरोखर पाठवलेली भेट ही नुसती अलंकारिक भाषा नसते. म्हणून ‘नीरोच्या काळात नामशेष’ असे ठामपणे लिहिण्यापेक्षा, नीरोच्या काळात व्यापारातून संपले आणि कदाचित कुठे कुठे कुंपणात तगले, असे लिहिणे जास्त प्रामाणिक आहे.

कुंपणात तगलेल्या त्या झाडाचा शोध आजही चालू आहे. २०२१ मध्ये इस्तंबूल विद्यापीठातील महमुत मिस्की यांनी अनातोलियातल्या हसन डागाच्या परिसरात वाढणारी फेरुला द्रुदेआना ही वनस्पती सिल्फियम असावी, असा प्रबंध प्रसिद्ध केला. जाड मूळ, खोडावरच्या शिरा, नाण्यांसारखी दिसणारी पाने, वासाचा चीक, इतके जुळते. पण ती उगवते तो प्रदेश लिबियापासून समुद्रापलीकडे, शेकडो मैलांवर आहे. एखाद्या जुन्या ग्रीक वस्तीजवळ कुणी ती नेऊन लावली असेल, असे गृहीत धरावे लागते. नाण्यावरचे चित्र कलावंताने सोपे करून काढलेले असते, आणि या कुलातल्या जाती तर फुलोऱ्यापेक्षा बियांच्या कडा व तेलनलिका पाहून ओळखल्या जातात. सायरीनीच्या एखाद्या उत्खननात, कोठाराच्या किंवा चुलीच्या थरात, जळून टिकलेले एक चपटे बी सापडले तर वाद तिथल्या तिथे मिटेल.