स्टॉकर : एका शब्दाचा आणि एका ओसाड नगराचा प्रवास

संगणकीय खेळांकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळून पाहत नाहीत. परंतु ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’ या खेळाचा इतिहास वाङ्मयेतिहासातून वेगळा काढता येत नाही, असे आम्हांस वाटते. कीव्ह येथील जीएससी गेम वर्ल्ड या संस्थेने तो मार्च २००७ मध्ये प्रसिद्ध केला. खेळ प्रथमपुरुषी आहे, आणि ही संज्ञा येथे व्याकरणाइतकीच काटेकोर आहे: नायक पडद्यावर दिसत नाही, दिसते ते त्याच्या डोळ्यांपुढचे जग. भूक, जखमा व किरणोत्सर्ग सांभाळीत त्याला प्रिप्यात या निर्मनुष्य नगरापर्यंत पोहोचायचे असते.

या खेळाचे मूळ १९७२ मध्ये आहे. त्या वर्षी आर्कादी व बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ ही कादंबरी लेनिनग्राडच्या ‘अव्रोरा’ मासिकात क्रमशः आली. परग्रहावरून कोणी आले, थोडे थांबले आणि निघून गेले. मागे उरला तो ‘झोन’. तेथे चोरून शिरणारे आणि हाती लागेल ते आणून विकणारे लोक म्हणजे स्टॉकर. हा शब्द किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’वरून सुचल्याचे बोरिस यांनी पुढे सांगितले आहे. किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला आणि त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिकवीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. कादंबरी पुस्तकरूपात यायला १९८० उजाडले, तेही पुष्कळ काटछाटीनंतर. त्याच्या आदल्या वर्षी तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ आला होता. एस्टोनियात चित्रित झालेल्या या चित्रपटात विज्ञानकथा जवळजवळ गळून पडली. उरले पाणी, गवत आणि तीन माणसांची घालमेल.

मग २६ एप्रिल १९८६ ची रात्र आली. चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. १९७० मध्ये वसविलेल्या प्रिप्यातमध्ये तेव्हा सुमारे ४९,००० माणसे राहत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना बसगाड्यांत बसविण्यात आले; तीन दिवसांपुरते जायचे आहे, असे सांगून. १ मे रोजी सुरू व्हावयाचा आकाशपाळणा तसाच उभा राहिला. सभोवतालच्या निषिद्ध प्रदेशाला सरकारी भाषेतही ‘झोन’च म्हटले गेले आणि पुढे तेथे चोरून जाणाऱ्यांस लोक ‘स्टॉकर’ म्हणू लागले. कल्पितातला शब्द असा वास्तवाने उचलला.

खेळाचे कर्ते २००२ मध्ये या प्रदेशात हिंडले आणि टिपलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी तो पडद्यावर उभारला. आकाशपाळणा तेथे आहे, पोलिस्या हॉटेलही आहे. लोकांच्या सोडून आलेल्या घरांत बंदूक घेऊन शिरावे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. एकट्याने खेळताना त्या रिकाम्या खिडक्या थोड्या तरी अंगावर येतात. मात्र ३२ जणांपर्यंत खेळाडूंसाठी जो चकमकीचा प्रकार जोडला आहे, त्यात भिंत म्हणजे केवळ आडोसा. मेलेला गडी घटकाभरात पुन्हा उठतो. या परंपरेतला सर्वांत दुबळा भाग आम्ही हाच मानतो. उलट ‘डेझी’ या २०१२ साली अवतरलेल्या बहुखेळाडू खेळात, कल्पित चेर्नारुस देशात, मरण आले की जमविलेले सारे जाते. म्हणून समोरून येणारा अनोळखी माणूस प्रेतांपेक्षा भयंकर वाटतो. प्रिप्यातशी नाते नसूनही स्त्रुगात्स्कींच्या स्टॉकरांचा परस्परांविषयीचा संशय येथे अधिक उतरला आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्याने चेर्नोबिल ताब्यात घेतले आणि मार्चअखेर सोडले. संस्थेतील काही मंडळी प्रागला गेली, काही कीव्हमध्येच राहिली. पूर्वी तेथे काम केलेला एक कलावंत त्याच वर्षी डिसेंबरात बाखमुतजवळ लढताना मारला गेला. दुसरा ‘स्टॉकर’ २० नोव्हेंबर २०२४ रोजी आला. त्याच्या नावात रशियन ‘चेर्नोबिल’ऐवजी युक्रेनी ‘चोर्नोबिल’ आहे. पहिला शब्द तेवढा बदललेला नाही.