पळणारा गुडघा आणि पेलणारा गुडघा

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात भरतीच्या पोरांमध्ये थोडा वेळ बसलं की एक तक्रार हमखास कानावर येते. अमक्याने ग्राउंड मारलं, सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत काढलं, नऊ फुटी खड्डा लीलया ओलांडला, बारवर दहा पुलअप्स काढले आणि मेडिकलला उडाला. का, तर दोन वर्षांपूर्वी कबड्डीत लिगामेंट तुटलं होतं, त्याचं ऑपरेशन झालं होतं. ‘जो पळतोय तो अनफिट कसा?’ हा प्रश्न त्या पोरापुरता राहत नाही. अकॅडमीचा मास्तर तो विचारतो, बाप विचारतो, गावातला निवृत्त सुभेदारही मान डोलावतो. शेवटी निकाल लागतो तो असा, की नियम जुनाट आहे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधीच्या काळातला आहे आणि तो राबवणारे डॉक्टर पुस्तकी आहेत.

हा पूर्वपक्ष पोरकट नाही. क्रिकेटपटू आणि फुटबॉलपटू हेच ऑपरेशन करून मैदानात परततात, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. अमेरिकेचं सैन्य अशा मुलांना घेतं, हेही खरं आहे. आणि युद्धात जायबंदी झालेले मेजर इयान कार्डोझो, मुरलीकांत पेटकर ही नावं घेतली की समोरच्याची बोलतीच बंद होते. तरीही हा पक्ष चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. नियम रास्त आहे. पोरांवर अन्याय होतो हे मला मान्य आहे, पण तो मेडिकलच्या खोलीत होत नाही.

आधी गुडघ्याच्या आत काय घडतं ते पाहू. चढाईला गेलेला खेळाडू निसटायला वळतो तेव्हा त्याचा घोटा पकड करणाऱ्याच्या हातात अडकलेला असतो. अंग वळतं, पाय वळत नाही. आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा सुजून टम्म होतो. तुटतं ते बहुधा एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत तिरकं बांधणारं लिगामेंट. त्याला रक्तपुरवठा बेताचा. पूर्ण तुटलं तर टोकं आपणहून नीट जुळून येतील, याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सर्जन सहसा तुटलेलं सांधत बसत नाही. मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा काढतो, दोन्ही हाडांत बोगदे पाडतो आणि त्यांतून ती ओवून नवं लिगामेंट उभं करतो. ही बसवलेली कंडरा पहिल्या काही महिन्यांत आणखी कमकुवत होते. मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू लिगामेंटच्या कामाला लागते. याला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. शिवाय गुडघा किती वाकलाय, कुठे झुकलाय याची खबर मेंदूला देणारे मूळ लिगामेंटमधले मज्जातंतू नव्या कंडरेत पूर्वीसारखे येतीलच, याची हमी नाही.

शस्त्रक्रिया उत्तम आहे, यात वाद नाही. पण तिचे आकडेही वाचले पाहिजेत. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर शंभरातले ८१ जण कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, पूर्वीच्या पातळीवर ६५ आणि स्पर्धात्मक खेळात फक्त ५५. टीव्हीवर आपण बघतो ते या ५५ मधले मूठभर. त्यांच्या दिमतीला पगारी फिजिओ असतो, खास मैदान असतं आणि दुखलं तर सामना सोडायची मुभाही असते. २०१६ चा दुसरा आढावा भरतीच्या दृष्टीने जास्त बोलका आहे. वय २५ च्या आत आणि जोरकस खेळाकडे परतलेला, अशा गटात त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल पुन्हा तुटण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के निघालं. म्हणजे चारांत एकाच्या आसपास. आता अग्निवीराचं वय आठवा. ते साडेसतरापासून सुरू होतं. ज्या वयात धोका सर्वाधिक, नेमकं तेच भरतीचं वय. त्यात लिगामेंटबरोबर गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली असेल तर हिशोब आणखी बिघडतो. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे हाडांत बदल होत जातात, हे फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने १९४८ मध्येच क्ष-किरण चित्रांवरून दाखवलं होतं. एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत सांध्याची झीज गाठते. विशीतल्या पोराला ती तिशी-चाळिशीत गाठणार, आणि तेव्हा नोकरीत टिकला असेल तर तो हवालदार किंवा नायब सुभेदार असणार.

पण तो पळतोय त्याचं काय? सोळाशे मीटरचं मैदान सपाट असतं, अंगावर बनियन आणि चड्डी असते, आणि सगळा खेळ साडेपाच मिनिटांत आटोपतो. सरळ रेषेत पळताना एसीएलवर फारसा ताण येतच नाही. ताण येतो तो वळताना, अचानक थांबताना, उडी मारून एका पायावर उतरताना. एसीएल पूर्ण तुटलेला माणूसही सपाटीवर बऱ्यापैकी पळू शकतो. तेव्हा पळण्याच्या वेळेवरून गुडघ्याची पारख करणं मुळातच चूक. सैनिकाचं रोजचं काम पेलण्याचं असतं, त्यातही उतारावर पेलण्याचं. पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, हे सांध्यात मोजमापाची साधनं बसवून तपासलेलं आहे. ६५ किलोचा जवान, पाठीवर २५ किलोचा पिठ्ठू, हातात रायफल. रात्री उत्तर काश्मीरमधल्या एखाद्या नाल्यात तो उतरतोय, पायाखालचा दगड सरकतो. तिथे गुडघा निघाला तर तो एकटा खोळंबत नाही. त्याला खाली आणायला चार जण लागतात, आणि त्या चौघांची बंदुकीवरची नजर हटते.

कार्डोझो आणि पेटकर यांची नावं या वादात आणणं मला सर्वात खटकतं, कारण ती दिशाभूल करतात. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या आघाडीवर सुरुंगाने पाय चिंधड्या झाल्यावर मेजर कार्डोझोंनी स्वतःच्या खुकरीने तो कापला. पुढे बटालियन आणि ब्रिगेड या दोन्हींचं नेतृत्व करणारे ते पहिले युद्धात अपंग झालेले अधिकारी ठरले. सांगली जिल्ह्यातले पेटकर लष्कराच्या ईएमई दलातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक घेतलं. दोघेही फौजेत धडधाकट शिरले होते आणि जखम त्यांना फौजेने, देशाच्या कामात दिली होती. ज्याला जायबंदी केलं त्याला सांभाळायचं, हे सैन्याचं देणं आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र त्याच देण्यापोटी उभी आहेत. ‘शेप’ या सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीतली श्रेणी घसरलेला सेवेतला जवान हलक्या कामावर राहतो, तोही त्याच न्यायाने. कबड्डीच्या मैदानावरच्या दुखापतीचं देणं सैन्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

अमेरिकेचा दाखला मात्र दमदार आहे. तिथे एकदा एसीएल बदललेला उमेदवार वर्ष उलटल्यावर, त्रास नसेल आणि सगळी कामं बिनअडथळा करत असेल, तर विचारात घेतला जातो. पुन्हा ऑपरेशन करावं लागलेल्याला मात्र दार सहसा बंद असतं. पण तिथली गरज बघा. २०२२ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी भूदलाला ६० हजारांच्या लक्ष्यात सुमारे १५ हजार माणसं कमी पडली. त्याच वर्षी आपल्या वायुदलाने सुमारे तीन हजार अग्निवीर घ्यायचं ठरवलं आणि ७ लाख ४९ हजार ८९९ अर्ज आले. एका जागेमागे अडीचशे. त्यातल्या कित्येकांचे गुडघे अभंग असताना, चारांत एकाची जोखीम कुणी आणि का घ्यायची? हा नियम निव्वळ वैद्यकशास्त्राचा नाही, रांगेच्या लांबीचाही आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. उद्या रांग आटली तर तो सैलही होईल. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन दाखल झालेल्या कॅडेटचा अभ्यास झाला आहे. मृत दात्याची कंडरा बसवलेले गुडघे, स्वतःची कंडरा बसवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निकामी झाले. असा बारकावा आपल्या निकषांतही कधीतरी यावा. पण निकष बारीक व्हावा ही मागणी वेगळी आणि निकषच अन्याय आहे ही ओरड वेगळी.

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. २०१३ मध्ये धर्मवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान दाखल होताना निरोगी होता असंच धरायचं, आणि पुढे आलेलं अपंगत्व सेवेमुळे आलं असं मानायचं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. सैनिकाच्या बाजूने याहून उदार तत्त्व शोधून सापडणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की मेडिकलच्या कागदावर ‘फिट’ लिहिणारा डॉक्टर पुढच्या कित्येक वर्षांची हमी सही करून देतो. आत एवढं उदार राहायचं तर दारात कडक राहणं भाग आहे. आणि आत शिरताच गुडघा गेला तर काय होतं, तेही पाहा. खडकवासल्याच्या एनडीएत किंवा डेहराडूनच्या आयएमएत प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी गेलेल्या कॅडेटना माजी सैनिकाचा दर्जा मिळत आलेला नाही. त्यांची परवड इतकी, की सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. कच्चा गुडघा प्रशिक्षणात ढकलणं म्हणजे पोराला त्या रांगेत उभं करणं.

म्हणून ‘सांगू नकोस, कळत नाही’ हा अकॅडमीतला सल्ला मला गुन्ह्यासारखा वाटतो. कळतं. डॉक्टर पोराला उकिडवं बसवतो, बसल्या बसल्या बदकचाल चालायला लावतो. मग टेबलावर झोपवून गुडघा किंचित वाकवतो, एका हाताने मांडी पक्की धरतो आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढतो. शाबूत गुडघ्यात ती ओढ खट्कन अडते. सैल गुडघ्यात ती पुढे सरकत राहते, शेवट मऊ लागतो. वाटीच्या दोन्ही बाजूंना दुर्बिणीच्या छिद्रांचे बारीक व्रण आणि नडगीच्या आतल्या अंगाला कंडरा काढल्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा छेद, एवढं पाहून ‘सायकलवरून पडलो’ ही थाप टिकत नाही. क्ष-किरणात बोगदे दिसतात, मांडीच्या हाडाला टेकलेलं धातूचं बटणही दिसतं. एखादा त्यातूनही निसटलाच, तर भरतीच्या अर्जात जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याबद्दल १९५० च्या आर्मी ॲक्टचं ४४ वं कलम आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काही पोरं याहून वाईट करतात. व्रण नको म्हणून ऑपरेशनच टाळतात. तुटलेलं लिगामेंट तसंच ठेवून पळत राहिल्याने गादी जाते, आणि सैल गुडघा मेडिकलला बाद होतो तो होतोच.

आता निकष नेमका काय म्हणतो? एनडीए परीक्षेच्या जाहिरातीला जोडलेल्या वायुदलाच्या निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे, की गुडघ्याच्या लिगामेंटची सैलता चालणार नाही आणि एसीएलची पुनर्रचना झालेला उमेदवार अनफिट. भूदलाच्या भरतीतही असा गुडघा वैद्यकीय मंडळ सहसा स्वीकारत नाही. पण म्हणून प्रत्येक दुखरा गुडघा बाद, असं मुळीच नाही. मुका मार, बरी झालेली लचक, अतिसरावाने आलेली वाटीची दुखी ही वेगळी गोष्ट. तात्पुरतं अनफिट आणि कायमचं अनफिट यांत फरक आहे. अधिकारी भरतीत ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येतं, जवान भरतीतही लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मिळते. तज्ज्ञाचा ताजा अहवाल हाताशी असेल तर हा हक्क जरूर वापरावा.

खरा अन्याय आहे तो तालुक्या-तालुक्यातल्या अकॅडम्यांत. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी पोरं पळवायची, सूज आली तर स्प्रे मारून पुन्हा पळवायची, पट्टी बांधलेल्या गुडघ्याची दोन-दोन वर्षं फी घ्यायची आणि मेडिकलच्या दिवशी नशिबाला बोल लावायचा. ऑपरेशननंतर ‘सहा महिन्यांत भरतीला उभा राहशील’ असं सांगणारा डॉक्टरही यात आलाच. पोराला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर ती दोन वर्षं त्याने आयटीआयमध्ये घातली असती. मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेस, डीआरडीओ किंवा देहूरोड-खडकीच्या आस्थापनांतल्या नागरी पदांसाठी तो तयार झाला असता.

निकष यूपीएससीच्या एनडीए आणि सीडीएसच्या जाहिरातींत दरवर्षी छापून येतात, संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मुलाचं नाव अकॅडमीत घालण्याआधी ते वाचा. गुडघ्याला जुनी दुखापत असेल, तर पहिला हप्ता भरण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाला गुडघा दाखवून त्याच्याकडून लेखी मत घ्या.