मुक्त संगणकप्रणाली आणि देवनागरीची घडण : भोर-वेल्हे परिसरातील शब्दांच्या आधारे

अपरिचित मुक्त संगणकप्रणाली प्रथमच बसविणाऱ्या मराठी भाषकाची खरी कसोटी लिपीपाशी लागते. भोर-वेल्हे परिसरातील काही शब्द या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरी विभाग १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावर आधारलेला होता. तथापि दोहोंची सांगड लगेच बसली नाही. युनिकोडात वर्ण उच्चारक्रमाने साठविले जातात. त्यांना दृश्य रूप देणे हे निराळ्या आज्ञावलीचे काम होय. ती नसेल तर 'किल्ला' यातील वेलांटी 'क'नंतर उमटते, आणि 'वेल्हे' व 'रायरेश्वर' यांतील जोडाक्षरे फुटतात. 'पांगो'सारख्या मुक्त आज्ञावलींनी ही उणीव पुढे दूर केली. २००७ साली सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' ही लिनक्सची आवृत्ती काढली.

'दऱ्या' या शब्दाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. तेथे 'आर्य'मधील रफार चालत नाही. मराठीच्या या अर्ध्या 'र'साठी युनिकोडने 'ऱ' व हलन्तचिन्ह असा क्रम मान्य केला.

वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. तरी जुन्या दप्तरांच्या अभ्यासकास पूर्वीचे नाव अचूक उमटणे आवश्यकच आहे. मुक्त प्रणालीच्या मूळ आज्ञा सर्वांस खुल्या असल्याने अशी चूक सुधारण्याचा अधिकार भाषकांच्याही हाती राहतो. तिचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.