‘गावात खरंच घरांना दारं नाहीत?’ कॅम्पस इंटरव्ह्यूत हा प्रश्न आला तर काय सांगायचं?

रेझ्युमेवर पत्ता असतो मुक्काम पोस्ट शनिशिंगणापूर, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. समोर बसलेल्या एचआरची नजर तिथे थांबते आणि प्रश्न येतो, “तिथे खरंच घरांना दारं नसतात का?”

शिंगणापूरच्या मुलामुलींनी हा प्रश्न येणार हे धरूनच चालावं. पण तयारी झालेली असते ती ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ची. पाठ केलेल्या आठ-दहा वाक्यांत गाव कुठे बसत नाही. मग “येस सर” म्हणून हसायचं आणि गप्प बसायचं. खरं तर पूर्ण मुलाखतीत इतका सोपा चेंडू परत मिळत नाही.

समजा तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सला आहात. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेने शिंगणापुरात शाखा उघडली आणि ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिची देशभर बातमी झाली. प्रत्यक्षात तिथे काचेचं दार होतं आणि त्याला सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं इलेक्ट्रोमॅग्नेटिक कुलूप होतं. गावाची श्रद्धा दुखवायची नाही आणि रोकडही सांभाळायची, यातून काढलेला हा मार्ग. एवढं तीन-चार वाक्यांत सांगा. पुढचा प्रश्न बहुतेक असा येईल, “लाईट गेली तर काय होतं?” असं चुंबकीय कुलूप वीज गेली की सुटतं, म्हणून त्याला बॅटरी बॅकअप लागतो. बघा, एव्हाना तुम्ही तुमच्या विषयावर बोलायला लागलात.

कॉम्प्युटरवाल्यांकडे तर आणखी ताजं उदाहरण आहे. 2025 मध्ये शनिदेवाच्या ऑनलाइन पूजेच्या नावाखाली बनावट अ‍ॅप चालवून भाविकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण थेट विधानसभेत गाजलं. अ‍ॅप खरं की खोटं हे भाविकाला कसं कळेल, यावर दोन मिनिटं बोलता आलं तर तो तुमचा टेक्निकल राऊंडच झाला. आणि कॉमर्सच्या मुलाचा तेल-फुलांचा स्टॉल असेल, तर शनी अमावस्येला किती माल भरायचा आणि उरला तर काय करायचं, हा सरळ इन्व्हेंटरीचा विषय आहे. घरच्या स्टॉलवर बसलो होतो हे लपवायची गरज नाही.

मुलाखत घेणाऱ्याला नेमकं काय बघायचं असतं?

फ्रेशरला काम येत नाही, हे कंपनीला माहीत असतं. त्यासाठी ट्रेनिंग असतं. मुलाखतीत पाहतात ते हे, की हा मुलगा स्वतः पाहिलेली, केलेली एखादी गोष्ट समोरच्याला नीट समजावून सांगू शकतो का. म्हणून प्रोजेक्टबद्दल विचारतात. चार जणांच्या ग्रुपमध्ये तुम्ही फक्त रिपोर्ट टाइप केला असेल तर तेच सांगा, पण रिपोर्टमध्ये काय लिहिलंय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. रेझ्युमेवर पायथन लिहिलंय आणि साधा लूप लिहिता येत नाही, यासारखी वाईट परिस्थिती नाही. येत नाही ते रेझ्युमेवरून काढून टाकलेलं बरं.

सांगायची पद्धत सोपी ठेवा. काय अडलं होतं, त्यात मी काय केलं, शेवटी काय झालं. ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त. इंग्रजीचं म्हणाल तर शब्द अडला की एक सेकंद थांबून साधा शब्द वापरा. यूट्यूबवरचं पाठ केलेलं उत्तर ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यातच ओळखू येतं, कारण आधीच्या दहा जणांनीही तेच म्हटलेलं असतं.

पण तिथपर्यंत पोहोचायचं कसं?

नगर जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजांची कमी नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोणीचं प्रवरा, संगमनेरचं अमृतवाहिनी आणि कोपरगावचं संजीवनी सुरू झालं. पण प्रत्येक कंपनी प्रत्येक कॉलेजात येत नाही. म्हणून ‘पूल कॅम्पस’ असतो. म्हणजे एका कॉलेजात ड्राइव्ह आणि आजूबाजूच्या कॉलेजांची मुलं तिथे जातात. तुम्ही सोनईच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयात असाल किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात, प्लेसमेंट सेलच्या ग्रुपमध्ये आपला नंबर आहे ना, हे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बघून घ्या. मेसेज रात्री येतो आणि फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपते.

पहिली चाळणी बहुतेक वेळा कागदावरची असते. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हीकडे 60 टक्के आणि बॅकलॉग शिल्लक नको, अशी अट अनेक आयटी कंपन्या घालतात. मग ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, कुठे ग्रुप डिस्कशन, मग टेक्निकल आणि एचआर. सर्वात जास्त मुलं टेस्टमध्येच गळतात, त्यामुळे ब्लेझर शिवायच्या आधी टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेगाची गणितं करा.

टेस्ट घरून द्यायची असेल तर कॅमेरा सुरू असतो. मागून कुणी गेलं किंवा दुसरा टॅब उघडला तर नोंद होते. एरवी सल्ला देतात, खोलीचं दार लावून बसा. शिंगणापुरात चौकट असते, दार नसतं. फार तर पडदा, नाहीतर कुत्री शिरू नयेत म्हणून टेकवलेली फळी. तेव्हा सरळ कॉलेजची लॅब मागा किंवा सोनईतल्या मित्राचं घर गाठा.

एक गोष्ट मुलांना उशिरा कळते. अनेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम असतो. पहिली ऑफर मिळाली की पुढच्या ड्राइव्हला बसू देत नाहीत, क्वचित मोठ्या पॅकेजच्या कंपनीसाठी सूट असते. त्यामुळे ‘सरावासाठी’ म्हणून नको असलेल्या कंपनीच्या ड्राइव्हला बसू नका. निवड झाली तर पंचाईत.

साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे हातात किती?

इथे गावाकडे सगळ्यात जास्त गैरसमज होतात. 3.6 लाखांचं पॅकेज म्हणजे महिना 30 हजार, असं घरी सांगितलं जातं. आता हिशेब बघा. बेसिक 15 हजार धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा 1,800 आणि ग्रॅच्युइटी साधारण 720, हे दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. 10 टक्के रक्कम व्हेरिएबल असेल तर ते 3 हजारही दर महिन्याला येत नाहीत. राहिले 24,480. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. बँकेत येतात 22,480 रुपये. (महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलीच्या खात्यात 200 जास्त.) पुण्यातलं भाडं आणि मेस यातूनच. घरच्यांना हा आकडा आधीच सांगा, म्हणजे पहिल्या पगाराच्या दिवशी कुणाचा चेहरा पडणार नाही.

बाँडवर सही करायची का?

‘बाँड म्हणजे नुसता कागद असतो, काही होत नाही’ हे वाक्य सीनियर हमखास सांगतात. त्यावर जाऊ नका. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याचं होतं, म्हणजे प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड टिकेलच असं नाही. पण सही करण्याआधी मुदत किती, रक्कम किती आणि ट्रेनिंगचा काळ त्यात धरलाय का, या तीन गोष्टी वाचाच.

ऑफर लेटर आलं की मेलचा पत्ता कंपनीच्या अधिकृत डोमेनचा आहे का पाहा. रजिस्ट्रेशन, लॅपटॉप किंवा ट्रेनिंगचं डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी प्लेसमेंट ऑफिसरला फोन करा. मूळ गुणपत्रिका दाखवायच्या असतात, ठेवून द्यायच्या नसतात. आणि आधार, पॅन, दहावीची सनद यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का हे आजच तपासा. जॉइनिंगच्या आठवड्यात सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायला कुणाकडेच वेळ नसतो.